तीन डिपार्टमेंट, तीन आकडे: सगळ्या कंपनीला चालेल असं डेटा मॉडेल आणि त्याच्या पाइपलाइन कशा बांधायच्या

दादरला कोणाला "एक नंबरवर भेट" सांगितलं की पूर्वी चुकामूक ठरलेली, कारण वेस्टर्नचा एक नंबर वेगळा आणि सेंट्रलचा वेगळा, आणि दोघंही आपापल्या एक नंबरवर उभे राहून फोनवर "अरे मी इथेच आहे, तू कुठेयस" करत बसायचे. डिसेंबर २०२३ मध्ये रेल्वेने ते एकदाचं सरळ केलं, वेस्टर्नचे १ ते ७ तसेच ठेवले आणि सेंट्रलचे पुढे ८ ते १४ केले. फलाट तेच, गाड्या त्याच, बदलल्या त्या पाट्या. कंपनीत सगळ्या डिपार्टमेंटचं मिळून एक डेटा मॉडेल (कुठली टेबलं, कुठले कॉलम आणि कशाचा अर्थ काय याचा आराखडा) करायचं म्हणजे साधारण हेच काम आहे, आणि पाइपलाइनचं, म्हणजे ठिकठिकाणचा डेटा उचलून त्या मॉडेलमध्ये भरणाऱ्या रोजच्या प्रोग्रामचं, काम काय तर कोणी परत जुनी पाटी लावून ठेवली नाही ना हे रोज रात्री बघायचं.

मी एका माल डिस्ट्रिब्यूट करणाऱ्या कंपनीत डेटाचं काम करते, ऑफिस अंधेरीत, गोडाऊन भिवंडीत. सेल्सची पोरं मोबाइल ॲपवर ऑर्डर घेतात, गोडाऊनवाले त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि बरंचसं एक्सेलमध्ये, अकाउंट्स टॅलीवर. सोमवारच्या मीटिंगला साहेबांनी "गेल्या महिन्याची विक्री किती" विचारलं की तीन उत्तरं यायची आणि पुढचा अर्धा तास कोणाचं बरोबर यावर जायचा. मजा म्हणजे तिघांचंही बरोबर असायचं! सेल्सवाले ऑर्डरी मोजत होते, गोडाऊन गाडीत चढलेला माल मोजत होतं, अकाउंट्स बिलं मोजत होतं. ३० तारखेला आलेली ऑर्डर १ तारखेला निघते, २ ला बिल होतं, मध्ये दोन पेट्या शॉर्ट पडतात आणि आठवड्याने त्याची क्रेडिट नोट (बिलातून तेवढे पैसे कमी केल्याची चिठ्ठी) निघते, मग आकडे जुळणार कुठून. आणि मी आल्या आल्या काय केलं, तर एक चकाचक डॅशबोर्ड बनवला ज्यात चौथाच आकडा होता.

तर हे खालचं सगळं त्या चौथ्या आकड्यानंतर शिकलेलं आहे. तुमच्याकडे दोन-तीन सिस्टिम असतील आणि डेटाची माणसं एक किंवा दीड असतील तर तुमच्यासाठी. टूल कुठलं हे मी मुद्दाम उशिरा सांगणार आहे कारण त्याने फारसा फरक पडत नाही, आमच्या केसमध्ये तरी नाही पडला.

पहिले एक मोठा कागद घ्या. डावीकडे खाली खाली कंपनीत काय काय घडतं ते लिहा, म्हणजे ऑर्डर, डिस्पॅच, बिल, रिटर्न, वसुली. वर आडवं लिहा की ते कोणाशी आणि कशाशी घडतं: पार्टी (म्हणजे माल घेणारं दुकान), माल, तारीख, गोडाऊन, सेल्समन. मग टिक मारत जा. किंबॉल पद्धतीत (डेटाची टेबलं रचायची एक प्रसिद्ध पद्धत) याला बस मॅट्रिक्स म्हणतात, बस म्हणजे बेस्टची नाही, कॉम्प्युटरमध्ये सगळे पार्ट ज्या सामायिक तारेवर जोडलेले असतात ती. आमच्या कागदावर पार्टीला पाचही ठिकाणी टिक आली आणि मालाला चार, कारण वसुलीत माल नसतो, दुकानदार पैसे देतो ते बिलावर देतो किंवा नुसतेच ऑन अकाउंट टाकतो, कुठल्या साबणाचे दिले ते त्याला पण माहीत नसतं. काही लोक हट्टाने ती वसुली आयटमवर वाटून टाकतात, प्रमाणात वगैरे, करू नका, नंतर तो वाटलेला आकडा कोणीतरी खरा समजून वापरतो. ज्या कॉलमला सगळ्यात जास्त टिका तिथून सुरुवात करायची, सगळं एकदम घ्यायचं नाही. आम्ही फक्त पार्टी घेतली आणि फक्त ऑर्डर आणि बिल या दोन ओळी, बाकी नंतर.

मग प्रत्येक टेबलासाठी एक वाक्य लिहायचं: या टेबलची एक ओळ म्हणजे काय. "एका ऑर्डरमधला एक आयटम." "एका बिलातला एक आयटम, एका बॅचचा." हे वाक्य लिहिता येत नसेल तर टेबल बनवू नका, खरंच सांगते. आमच्याकडे या एका वाक्यावर दोन मीटिंगा गेल्या कारण बिलात बॅच, म्हणजे एकदम बनलेल्या मालाच्या लॉटचा नंबर, असते आणि ऑर्डरमध्ये नसते, आणि कोणीतरी दोन्ही सरळ जोडले की दोन बॅचमधून गेलेल्या मालाची ऑर्डर डबल दिसायची. आधी बिल ऑर्डर-आयटमच्या पातळीवर गोळा करायचं आणि मगच जोडायचं.

शब्दांचं भांडण हा सगळ्यात वेळखाऊ भाग, पण तो टाळला तर पाइपलाइन कितीही भारी असू दे, सोमवारची मीटिंग तशीच राहणार. आम्ही शेवटी ठरवलं की सामायिक मॉडेलमध्ये "विक्री" नावाचा कॉलमच नसेल. ऑर्डर रक्कम, डिस्पॅच रक्कम, बिल रक्कम, आणि निव्वळ बिल रक्कम म्हणजे क्रेडिट नोट वजा आणि जीएसटी सोडून. सेल्सच्या मॅनेजरला हे अजिबात आवडलं नाही कारण त्यांचा इन्सेन्टिव्ह "विक्री"वर होता आणि कुठल्या विक्रीवर हे कोणी लिहूनच ठेवलं नव्हतं. प्रत्येक नावाला एक मालक ठेवला, डेटावाला नाही, त्या त्या डिपार्टमेंटचा माणूस. निव्वळ बिल रक्कम अकाउंट्सच्या काकांची, व्याख्या बदलायची असेल तर त्यांना विचारायचं, आणि ते हो बोलले की तारखेसकट नोंद करायची. मी नाही ठरवणार. एकदा मी ठरवायला लागले की सगळी भांडणं माझ्या टेबलावर.

मोजमापाचं पण तेच. सेल्स पेट्यांत बोलतं, गोडाऊन नगात, आणि "१० वर १ फ्री"चा तो फ्री नग सेल्सच्या हिशोबात नसतो पण गोडाऊनमधून जातोच. आतमध्ये सगळं नगात ठेवा, फ्री नगांना वेगळा कॉलम द्या, आणि पेटीत किती नग हे कोडमध्ये २४ असं लिहून टाकू नका, मालाच्या टेबलात तारखेसकट ठेवा. माल बनवणारी कंपनी कधीतरी गुपचूप पेटी २४ वरून २० ची करते आणि मग मागच्या वर्षीच्या पेट्या पण २० ने गुणल्या जातात.

आता मुख्य लफडं, पार्टी. सेल्स ॲपमध्ये दुकान मोबाइल नंबरने ओळखलं जातं, टॅलीत लेजरच्या (खात्याच्या) नावाने, गोडाऊनच्या एक्सेलमध्ये "महालक्ष्मी जनरल, कुर्ला" असं. तिन्ही एकच दुकान आहे हे पाइपलाइनला कळायला हवं. पहिला आधार जीएसटी नंबर, आणि तो नीट समजून घ्या कारण त्यात बरंच काही भरलेलं असतं: एकूण १५ अक्षरं, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र म्हणजे २७, पुढची १० अक्षरं म्हणजे सरळ त्या पार्टीचा पॅन, आणि शेवटचं अक्षर चेकसाठी असतं म्हणजे टायपिंगमध्ये चूक झाली तर बहुतेक वेळा पकडता येते. पॅनमध्ये सुद्धा चौथं अक्षर प्रकार सांगतं, माणूस असेल तर इंग्रजी पी, कंपनी असेल तर सी.

पण जीएसटी नंबर म्हणजे दुकान नाही हं. एकाच नंबरखाली एका राज्यात चार दुकानं असू शकतात, आणि तोच धंदा गुजरातमध्ये असेल तर तिथे वेगळा नंबर पण आतला पॅन तोच. आणि प्रोप्रायटरशिप असेल तर पॅन त्या माणसाचा स्वतःचा, म्हणजे त्याचं किराणा आणि बायकोच्या नावाची पाटी असलेलं पण त्याच्याच पॅनवरचं मेडिकल, दोन्ही एकच दिसणार. म्हणून आम्ही तीन पातळ्या केल्या, माल जातो ते दुकान, बिल होतं तो जीएसटी नंबर, आणि सगळ्यात वर पॅन. क्रेडिट लिमिट बघायची तर पॅनवर, टेम्पोचा रूट बघायचा तर दुकानावर. ही गोष्ट पहिल्या दिवशी कळली असती तर माझे दोन महिने वाचले असते. हां, आणि प्रोप्रायटरचा पॅन म्हणजे माणसाची खाजगी माहिती झाली, २०२३ चा डेटा प्रोटेक्शनचा कायदा आहेच, तर तो रिपोर्टच्या टेबलांमध्ये फिरू देऊ नका, आत जुळवायला वापरा आणि बाहेर तुमचा स्वतःचा बनवलेला आयडी द्या.

छोट्या किराणावाल्यांकडे जीएसटी नंबर नसतोच, नुसता माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारण लागत नाही. तिथे मग मोबाइल आणि पिनकोड दोन्ही जुळले तर जोडा. नुसत्या मोबाइलवर नाही, दोन भावांच्या दोन दुकानांना एकच नंबर दिलेला असतो, आणि कधी कधी तर तो नंबर आपल्याच सेल्समनचा निघतो कारण ओटीपीची कटकट नको म्हणून त्याने स्वतःचा टाकलेला. आणि नुसत्या नावावर तर कधीच नाही, महालक्ष्मी जनरल प्रत्येक स्टेशनबाहेर एक आहे. उरलेली यादी छापून सेल्समनकडे द्या, तो दोन दिवसांत हाताने करून आणतो आणि त्याचं काम कुठल्याही फझी मॅचिंगपेक्षा (जवळपास सारखी नावं अंदाजाने जुळवणाऱ्या प्रोग्रामपेक्षा) बरोबर असतं. चुकून दोन पार्ट्या एक झाल्या तर ते सोडवायला फार त्रास होतो, न जुळलेल्या राहिल्या तर एवढं काही बिघडत नाही, म्हणून शंका असेल तर जोडू नका.

हे जुळवलेलं सगळं एका वेगळ्या जोडणीच्या टेबलात ठेवा: कुठली सिस्टिम, तिथला आयडी, आपला पार्टी आयडी, कुठल्या नियमाने जुळलं, कोणी जुळवलं, कधी. सोर्समध्ये जाऊन नावं दुरुस्त करत बसू नका, अकाउंट्सवाले तुम्हाला टॅलीला हात लावू देणार पण नाहीत आणि बरोबरच आहे त्यांचं. जोडणी चुकली तर एक ओळ बदलली आणि परत रन केलं की झालं. ज्या पार्टीची जोडणी सापडत नाही तिची बिलं गाळू नका, त्यासाठी "अनोळखी पार्टी" अशी एक ओळ आधीच बनवून ठेवा आणि ती बिलं तिच्यावर टाका. नाहीतर जॉइनमध्ये, म्हणजे दोन टेबलं जोडताना, ती गुपचूप गळतात, टोटल कमी येते आणि काका एका मिनिटात पकडतात.

मराठीत डेटा असेल तर अजून एक गंमत आहे जी मला कुठेच लिहिलेली सापडली नव्हती. आमच्या मास्टरमध्ये, म्हणजे मूळ यादीत, कऱ्हाड दोनदा होतं. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे, पण जुळत नव्हते. तो अर्धा र दोन पद्धतीने टाइप होतो, एकात खालच्या टिंबाचा ऱ वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडणारं अक्षर. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायचा नियम) लावलं तर टिंब वेगळं टाइप केलेला ऱ एक होतो, पण ते न दिसणारं अक्षर तसंच राहतं, तेवढं हाताने नियम लिहून बदलावं लागतं. मागेपुढे असलेल्या स्पेस पण काढा. आणि कोणी श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली जुनी फाइल दिली तर ती आधी युनिकोडमध्ये बदला, तो डेटा म्हणजे मराठी दिसणारी इंग्रजी अक्षरं असतात.

नाव हा आयडी नाही हे मुंबईत राहणाऱ्याला खरं तर सांगायला नको, एल्फिन्स्टन रोड २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, व्हीटीचं सीएसटी आणि मग सीएसएमटी झालं, स्टेशन होतं तिथेच आहे. म्हणून आयडी आपला, अर्थ नसलेला, आणि नाव नुसतं एक कॉलम. पण काही बदल असे असतात की जुनी किंमत पण लागते. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, वसई-विरारची दुकानं त्याच्या आधी ठाण्यात आणि नंतर पालघरमध्ये. आता २०१३ चा जिल्हावार रिपोर्ट काढायचा तर तेव्हा जसं होतं तसं हवं की आजच्या नकाशाप्रमाणे? दोन्ही प्रश्न बरोबर आहेत. आमच्याकडे जिल्हे रोज बदलत नाहीत पण सेल्समनचे एरिया बदलतात, आणि मे महिन्यात एरिया बदलला म्हणून एप्रिलची ऑर्डर नव्या पोराच्या नावावर गेली तर इन्सेन्टिव्हवरून मारामारी होते.

त्यासाठी पार्टीच्या प्रत्येक बदलाला नवीन ओळ, "पासून" आणि "पर्यंत" अशा दोन तारखांसकट. पुस्तकी नाव टाइप टू. इथे एक बारीक गोष्ट, पासूनची तारीख धरायची आणि पर्यंतची सोडायची, म्हणजे १ मे ला बदल झाला तर जुनी ओळ १ मे "पर्यंत" आणि नवी १ मे "पासून", आणि जोडताना पर्यंतच्या तारखेपेक्षा कमी असं लिहायचं, कमी किंवा बरोबर असं लिहिलंत तर १ मे च्या सगळ्या ऑर्डरी डबल. स्पेलिंगची चूक सुधारली तर मात्र नवीन ओळ नको, सरळ जुनीवरच लिहा. कुठला कॉलम कुठल्या प्रकारचा हे आधीच मालकाला विचारून ठेवा, नाहीतर फोन नंबर बदलला तरी इतिहास तयार होत राहतो आणि एका दुकानाच्या चाळीस ओळी होतात.

आता कुठे पाइपलाइन. चार टप्पे ठेवा. पहिला कच्चा: सोर्समधून जे आलं ते जसंच्या तसं, सगळं टेक्स्ट म्हणून, सोबत कधी आलं आणि कुठल्या फाइलमधून आलं. इथे काहीही सुधारायचं नाही, खूप हात शिवशिवतात पण नाही. सहा महिन्यांनी कोणीतरी विचारतं की हा आकडा आला कुठून, तेव्हा हाच टप्पा वाचवतो. दुसरा साफसफाईचा, एका सोर्सची एक टेबल, तारखा तारखा होतात, पेट्यांचे नग होतात, कॉलमची नावं ठरलेल्या शब्दांत येतात, वरचं कऱ्हाड प्रकरण इथे मिटतं. एक्सेलवर विशेष लक्ष, ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च हे ज्याच्या लॅपटॉपवर फाइल उघडली त्याच्या सेटिंगवर असतं, आणि शून्याने सुरू होणारे कोड त्यातलं शून्य हरवून बसतात. तिसरा टप्पा सामायिक मॉडेल, जिथे सोर्सचा वास पण यायला नको, पार्टी म्हणजे पार्टी, टॅलीची का ॲपची हा प्रश्नच नाही. आणि चौथा प्रत्येक डिपार्टमेंटच्या सोयीची टेबलं. रिपोर्टनी फक्त तिसऱ्या-चौथ्यातून वाचायचं, कच्च्याला कोणाला परमिशनच देऊ नका. आमच्याकडे एका हुशार पोराने "फास्ट पडतं" म्हणून सरळ कच्च्यातून रिपोर्ट काढला होता, त्याचा आकडा दर वेळी जास्त यायचा कारण कच्च्यात तीच फाइल दोनदा आलेली असते.

कुठलीही पाइपलाइन दोनदा चालवली तरी उत्तर तेच यायला पाहिजे. पहाटे तीनला काहीतरी फाटतं, झोपेत आपण परत रन करतो, आणि सकाळी बिलं डबल. म्हणून नुसतं खाली जोडत जाऊ नका, एक तर आयडीवर मर्ज करा (असेल तर बदला, नसेल तर घाला) किंवा तो अख्खा दिवस किंवा महिना एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही, अशा रीतीने) पुसून परत भरा. मला दुसरं जास्त आवडतं, डोक्याला ताप कमी. आणि कोडच्या आत "आज" असं कुठे लिहू नका, तारीख बाहेरून द्या, एअरफ्लो (पाइपलाइन ठरल्या क्रमाने चालवणारं टूल) वापरत असाल तर तो ती देतोच, नाहीतर मागच्या मंगळवारचा रन परत करायचा असेल तेव्हा तो आजचाच डेटा उचलतो.

किती मागचं परत भरायचं हे धंद्यावर आहे. टॅलीत मागच्या तारखेची एन्ट्री होते, सगळीकडे होते, काका बोलतात "अगं ते बिल राहिलं होतं." महिन्याचं जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं जीएसटी रिटर्न) पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरायचं असतं आणि तोपर्यंत बिलांची हालचाल चालूच असते, म्हणून मी १५ तारखेपर्यंत मागचा पूर्ण महिना रोज परत भरते आणि नंतर तो बंद करते. त्यानंतर त्यात काही बदललं तर पाइपलाइन स्वतःहून बदलत नाही, मला आणि काकांना मेल जातो. नुसतं "कालपासून बदललेलं आणा" असं केलं तर डिलीट झालेलं कधीच कळत नाही, जी ओळ राहिलीच नाही ती बदलली असं कोण सांगणार. आठवड्यातून एकदा फक्त आयडींची पूर्ण यादी आणून ताळा करा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना ऑडिट ट्रेल (प्रत्येक बदलाची नोंद) असलेलं अकाउंटिंग सॉफ्टवेअरच वापरावं लागतं, त्यामुळे व्हाउचर कोणी आणि कधी डिलीट केलं हे त्या बाजूला सापडतं. मोठा डेटाबेस असेल तर त्याच्या लॉगमधून (बदलांच्या नोंदवहीतून) सरळ बदल वाचता येतात, डेबेझियम वगैरे टूल त्यासाठीच, त्यात डिलीट पण दिसतात, आम्हाला तेवढी गरज नाही पडली.

वेळेचा एक लोचा सांगते जो जवळपास सगळ्यांकडे होतो. ॲपचा सर्व्हर यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) तारीख ठेवतो आणि आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेत आलेली प्रत्येक ऑर्डर आदल्या दिवसात जाते. रोजचं कोणाला कळत नाही. पण १ एप्रिलच्या पहाटेची ऑर्डर ३१ मार्चला गेली म्हणजे सरळ मागच्या आर्थिक वर्षात गेली, आणि दूध-ब्रेडवाले तर पहाटेच ऑर्डर टाकतात. साफसफाईच्या टप्प्यातच आधी वेळ भारतीय करा आणि मग त्यातून तारीख काढा, उलट क्रमाने नाही. तारखेचं एक सामायिक टेबल बनवा, त्यात आर्थिक वर्ष आणि एप्रिलपासूनची तिमाही तयार लिहून ठेवा, प्रत्येक रिपोर्टमध्ये लोकांनी परत परत गणित करायला नको.

टेस्ट कमी ठेवा पण त्यांना दात असू देत. डीबीटीमध्ये (टेबलं बनवायचं आणि तपासायचं टूल, सरकारी अनुदानाचं डीबीटी नाही) चार तयार येतात, आयडी दोनदा नको, रिकामा नको, ठरलेल्या यादीबाहेरची किंमत नको, आणि बिलातली पार्टी पार्टीच्या टेबलात असायला हवी. त्यावर आमच्या दोन: जीएसटी नंबर २७ ने सुरू होतो पण पिनकोड महाराष्ट्राचा नाही असं नको, आणि सगळ्यात कामाची, बंद झालेल्या महिन्याची आपल्या मॉडेलमधली टोटल आणि टॅलीतली टोटल पैशापर्यंत जुळली पाहिजे. नवीन डेटा आधी बाजूच्या टेबलात बनवायचा, टेस्ट पास झाल्या तरच लोकांच्या समोरच्या टेबलाशी अदलाबदल करायची. फेल झालं तर कालचा डेटा दिसू दे, वर "कालपर्यंतचा" अशी पट्टी. चुकीच्या ताज्यापेक्षा कालचा बरोबर बरा, यावर साहेबांची आधीच परवानगी घेऊन ठेवा.

जुलैमध्ये भिवंडीचं नेट गेलं की गोडाऊनची फाइल येतच नाही. पहिल्या पावसाळ्यात आमच्या रिपोर्टने त्या दिवशी डिस्पॅच शून्य दाखवला आणि वरून फोन आला की गाड्या का नाही निघाल्या. गाड्या निघाल्या होत्या, पाण्यातून कशाबशा, फाइल निघाली नव्हती. प्रत्येक सोर्सची शेवटची फाइल कधी आली हे वेगळं ठेवा आणि ती जुनी असेल तर तिथे शून्य दाखवू नका, "आलेलं नाही" असं लिहा.

सोर्सवाल्यांशी लेखी ठरवा की कुठले कॉलम, कुठल्या प्रकारचे, कधी येणार. भारी भाषेत डेटा कॉन्ट्रॅक्ट, आमच्याकडे एक पानाची फाइल आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप. नवीन कॉलम घातला तर काही बोलणं नाही, पण नाव बदललं किंवा काढला तर महिनाभर जुना आणि नवा दोन्ही द्यायचे. फाइल आल्या आल्या कॉलम तपासा आणि जुळत नसेल तर तिथेच अडवा, चौथ्या टप्प्यात जाऊन फुटलं की शोधायला दिवस जातो.

टूलचं सांगायचं राहिलं. पोस्टग्रेस हा डेटाबेस, डीबीटी आणि रात्री ठरल्या वेळी प्रोग्राम सुरू करणारा क्रॉन, बस. पाइपलाइन पंचवीसच्या वर गेल्यावर एअरफ्लो आणला कारण कोण कोणाच्या आधी चालायचं हे क्रॉनमध्ये वेळेच्या अंदाजावर ठेवलं होतं आणि एक जरी लांबली तरी पुढच्या सगळ्यांची वाट लागायची. स्नोफ्लेक, बिगक्वेरी वगैरे मोठा क्लाउड डेटाबेस असेल तर मस्तच, वरची भांडणं तरी तेवढीच होणार.

नवं तयार झालं की जुना रिपोर्ट लगेच बंद करू नका. एक पूर्ण महिना, महिनाअखेर आणि क्रेडिट नोटांसकट, दोन्ही शेजारी शेजारी चालवा आणि फरकाची प्रत्येक ओळ कोणत्या कारणाने आहे ते लिहा. आमच्याकडे फरकांपैकी बरेचसे आमचे नव्हतेच, जुन्या एक्सेलमध्ये कोणीतरी कधीकाळी एका सेलमध्ये हाताने आकडा टाकला होता आणि तो माणूस नोकरी सोडून गेला होता. हे काकांच्या समोर, त्यांच्याच मशीनवर दाखवा, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर नाही.

शेवटी किती जुना डेटा आत घ्यायचा. सगळ्यांना सगळा हवा असतो. माझा नियम असा की जिथपर्यंत आयडी जुळवायला आधार आहे तिथपर्यंतच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, त्याच्या आधी व्हॅटचे टिन नंबर, त्यात पॅन नाही, जुनी दुकानं बंद झालेली, कोण कोणाचं हे सांगणारं कोणी नाही. मी २०१७-१८ च्या दुसऱ्या तिमाहीपासून घेतलं. त्याआधीचं महिनावार टोटल म्हणून एका वेगळ्या टेबलात आहे, पार्टीच्या कॉलमशिवाय, आणि कोणी दुकानवार मागितलं तर मी त्यांना तिसऱ्या मजल्यावरच्या फायली दाखवते. अजून तरी कोणी वर गेलेलं नाही.